आईच्या खोलीतलं खारं पाणी

आमच्या घरी समुद्राचं पाणी आहे असं सांगितलं की भोरमधले लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, कशाला? याचं धड उत्तर मला कधी देता आलं नाही. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त नि लघवी. कुणाची साखर वाढली, कुणाचं हिमोग्लोबिन उतरलं. तिथून सुटून घरी यायचं आणि पुन्हा काचेच्या नळीत पाणी घेऊन, थेंब मोजत, त्यात नायट्रेट किती ते बघत बसायचं. याला छंद म्हणायचं की दुखणं, असं नवरा बरीच वर्षं विचारत होता. माझं उत्तर ठरलेलं असायचं, तू क्रिकेट बघतोस तेव्हा मी विचारते का?

टाकी तीन फुटी होती. तिच्यात खारं पाणी, भोकाभोकांचे खडक, त्या खडकांवर वाढणारी कोरल, म्हणजे जिवंत पोवळी, दोन जोकर मासे आणि एक पिवळाधमक, चपटा, तळहाताएवढा मासा. मीठ पुण्याहून आणायचं, तेही समुद्राचं पाणी बनवायचं खास. शुद्ध केलेल्या पाण्यात ते विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, पंप, दिवे, पाणी गार ठेवायचं यंत्र. समुद्र इथून घाट उतरून लांब, आणि मी डोंगराच्या अलीकडं बसून तो सांभाळत होते. लोक थट्टा करायचे ते काही चूक नव्हतं. पण मला त्या टाकीचा फार अभिमान होता. त्या अभिमानापायी मी आईशी जे वागले ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आई वेल्ह्याच्या पुढच्या एका गावात एकटी राहते. वडील मी कॉलेजात असताना गेले. मी एकुलती एक. आईनं गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात वीस वर्षं काढली आणि चुलीपुढं उकिडवं बसून बसून गुडघे घालवले. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, नेटकं. पण संडास परड्यात, सात दगडी पायऱ्या उतरून. वेल्ह्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, चार महिने त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. ती बसत बसत, हात टेकत उतरायची. मी फोनवर ओरडायचे, काठी घे, काठी घे. ती म्हणायची, "काठी धरू का टमरेल धरू?"

तिला आमच्याकडे आणायचं तर एकच अडचण होती. लेकीच्या दारात राहायचं नाही. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात ती आमच्याकडे एक रात्र राहिलेली नव्हती. सकाळच्या एसटीनं यायची, दुपारच्या एसटीनं जायची. मला टायफॉइड झाला तेव्हा आली, मऊ भात केला, भरवला, भांडी घासली आणि पायांत चपला घातल्या. मी तापातही चिडले होते. कुठल्या जमान्यात आहेस म्हणाले होते. तिचं एकच पालुपद, "लोक काय म्हनतील? जावयाच्या जिवावर बसलीया."

ही गाठ माझ्या नवऱ्यानं सोडवली. वरव्याच्या बाजूला आम्ही घर बांधायला काढलं होतं. त्याचा कारखाना तिथून जवळ, हायवेच्या कडेला. एका रविवारी आम्ही आईकडे गेलो होतो, आणि जेवता जेवता तो सहज बोलावं तसं म्हणाला, "आई, जागा तिच्या नावावर घेतलीय. तुम्ही लेकीच्या सासरी राहायला येत नाही, लेकीच्या घरी येताय. सासर वेगळं, घर वेगळं." आईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. दोन दिवसांनी तिनं आपणहून फोन केला. "पाऊस लागायच्या आत येते," म्हणाली. मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. अकरा वर्षं मी भांडून जे झालं नाही ते या माणसानं एका वाक्यात केलं होतं.

तळमजल्याची मागची खोली तिची, हे मग ठरूनच गेलं. नवऱ्यानं गवंड्याशी वाद घालून तिथल्या बाथरूमचा उंबरा काढायला लावला. धरायला भिंतीत स्टीलच्या दांड्या बसवल्या, कमोडची उंची स्वतः मोजून घेतली. त्या खोलीच्या मागं टेकाड आहे आणि शेजाऱ्यांची आंब्याची झाडं आहेत, त्यामुळं तिथं ऊन असं येतच नाही. भर उन्हाळ्यात फरशीवर पाय ठेवला तरी गार लागायचं. आईंना उकाडा सोसत नाही, असं म्हणून खोली त्यानंच निवडली होती.

नेमका तेव्हाच माझ्या टाकीचा प्रश्न आला. पिवळ्या माशाला तीन फूट पुरेनात. जरा पोहला की काच, वळला की पुन्हा काच. कोरल वाढून एकमेकांना टेकायला लागली होती, आणि कोरल एकमेकांना टेकली की डंख मारून जाळतात. पाच फुटी टाकी घ्यायची हे वर्षभर मनात होतंच. प्रश्न एवढाच होता की कधी. घर बदलायच्या आधी, की नंतर?

खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्यांचा आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं मी विचारलं आणि पंचायतच बसली. एक म्हणाला, आत्ता आहात तिथंच मोठी घ्या. ते मला पटलं नाही. भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर पाचशे लिटर पाणी चढवायचं आणि तीन महिन्यांनी उपसून टेम्पोत घालायचं, म्हणजे त्याच जिवांचे दोनदा हाल. दुसरा म्हणाला, आधी छोटी टाकी न्या, नव्या घरात वर्षभर स्थिरस्थावर व्हा, मग मोठीचं बघा. हे शहाणपणाचं होतं, म्हणून मला आवडलं नाही. पुण्यातले एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सगळे मानतो. त्यांनी तिसरंच सांगितलं. मोठी टाकी नव्या घरात आत्ताच उभी करा, खडक नि पाणी घालून नुसती चालू ठेवा, दोन महिन्यांत पाणी तयार होईल. मग हलायच्या वेळी जुन्यातले जीव उचलून थेट नव्यात सोडा, म्हणजे हलवाहलव एकदाच होईल. मी त्याच दिवशी टाकीची ऑर्डर दिली.

ठेवायची कुठं, हे नंतर बघू म्हटलं होतं. बघितलं तर हॉलला पश्चिमेचं ऊन. वरच्या खोल्या स्लॅबखाली, दुपारी भट्टी, आणि एवढं वजन वर चढवायला इंजिनिअरनं साफ नको म्हटलं. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. राहिली मागची खोली. गार, सावलीची, शेजारीच बाथरूम, पाणी काढायला नि भरायला सोपं. कोरलांना पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर गेलेलं चालत नाही. ती खोली त्यांच्यासाठीच बांधल्यासारखी होती.

"ती आईंची खोली आहे ना?" नवरा म्हणाला.

"तात्पुरती ठेवतेय. ती यायच्या आत हलवू."

"हलवता येते एवढी मोठी टाकी?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

माझ्या तोंडाला लागायचं नाही हे तो लग्नानंतर लवकरच शिकला. त्याला त्यातलं कळत नव्हतं हे खरं, पण मला कळत होतं ना. भरलेली पाच फुटी टाकी हलत नाही. हलवायची म्हणजे सगळं उपसायचं, खडक काढायचे, जीव पिंपात ठेवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय कोरल नव्या जागी चिकटली की पाच-सहा महिने त्यांना हात लावायचा नसतो. हे मला फेब्रुवारीत माहीत होतं. आई मेअखेर यायची होती. माझ्या ते ध्यानातच आलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. ध्यानात आलं होतं. मी महिने मोजले आणि मूग गिळून बसले.

टाकीतलं पाणी तयार होणं याला ग्रुपवर सगळे इंग्रजी शब्द वापरतात. आईला फोनवर सांगताना मी म्हणाले, "टाकी मुरायला ठेवलीय." शब्द सहज तोंडात आला आणि चपखल बसला. खडकांत चांगले जंतू वाढावे लागतात, ते पाण्यातली घाण खातात, मग पाणी निवळतं. वेळ लागतो, आणि मधेच हात घातला की सगळं नासतं. आईला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. "मंग बरनीला हात लावू नगं," ती म्हणाली. पुढं दर रविवारी विचारायची, "मुरली का गं?" आणि गावात बायकांना सांगायची, माजी लेक माशांचं लोनचं घालतीया. हे तिनंच मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते.

वास्तुशांतीच्या आधी नव्या घरात राहायला जायचं नसतं. आम्ही गेलो नाही, मासे गेले. मेच्या सुरुवातीला एका सकाळी झाकणाच्या बादल्या आणि थर्माकोलचे डबे टेम्पोत ठेवले आणि भोरहून निघालो. मी मागं बादल्यांपाशी बसले, झाकणावर हात ठेवून. कापूरहोळपर्यंत ड्रायव्हरनं तीनदा मागं वळून विचारलं, ताई, फुटणारं काही आहे का आत? नव्या टाकीत सोडल्यावर पिवळा मासा क्षणभर एका कोपऱ्यात थांबला, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत न वळता पोहत गेला. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं. तो आला, बघितलं, "छान," म्हणाला, आणि खोलीभर नजर फिरवून परत गेला. पलंग जिथं यायचा होता तिथं मिठाचे डबे आणि पाण्याची पिंपं होती.

वास्तुशांत आठवड्यानं झाली. आई सकाळच्या एसटीनं चेलाडी फाट्यावर उतरली, तिथून नवऱ्यानं तिला गाडीतून आणलं. माहेरचा आहेर म्हणून माझ्यासाठी साडी, खण, त्याला टॉवेल-टोपी, नारळ. आणि खांद्याला एक रेक्झिनची मोठी बॅग, चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली. पूजा झाली, लोक घर बघत हिंडायला लागले, आणि थोड्या वेळानं मला ती मागच्या खोलीच्या दारात उभी दिसली. टाकीसाठी लावलेला एसी चालू होता, टाकीतला निळा उजेड तिच्या अंगावर पडला होता.

"पवळं म्हंजे हेच व्हय?" तिनं विचारलं. "आमी समजत हुतो दगड असतोय."

मी चेकाळून सांगायला लागले. हे जिवंत असतं, त्याला तोंडं असतात, ते खातं, दिवा मालवला की मिटतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. पिंपांकडं पाहिलं. बाथरूमच्या उघड्या दारातून त्या स्टीलच्या दांड्या दिसत होत्या, त्यातल्या एकीवर मी पाण्याची नळी गुंडाळून ठेवली होती.

"आनि हे हितंच ऱ्हानार?"

"तात्पुरतं गं. नीट मुरलं की हलवणार आहे."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "घाई करू नगं. नासंल."

तिची बॅग वाटेत होती म्हणून मी उचलली. जड लागली. सुतळीच्या फटीतून आतली गोधडी दिसत होती, तिची निळ्या काठाची, रोजची. गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली होती. देवांचा डबा होता, जो ती घर सोडून कधीही कुठं नेत नाही. पाऊस लागायच्या आत येते म्हणाली होती. वास्तुशांतीचा दिवस चांगला, त्याच दिवशी घरात पाऊल टाकावं, असं तिनं मनाशी धरलं असणार. ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. बॅग उचलून मी बाहेरच्या दारापाशी नेऊन ठेवली.

दुपारी ती निघाली. नवरा तिला थेट गावापर्यंत सोडून आला. आल्यावर हातपाय धुता धुता म्हणाला, "आईंच्या बॅगेत गोधडी होती."

"असेल. तिला सवय आहे बरोबर ठेवायची."

एका दिवसाच्या कार्याला कोण गोधडी घेऊन येतं? मी प्रसादाची पातेली आवरायला लागले.

त्यानंतरचे रविवार मला आठवायला नको वाटतात. "मुरली का गं?" "अजून नाही." जूनमध्येही अजून नाही, जुलैतही अजून नाही. माझ्या वहीत रोजचे आकडे लिहिलेले आहेत. त्यांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि तेही एप्रिलपासून. टाकी केव्हाच मुरली होती. लॅबमध्ये मी एक आकडा चुकीचा लिहिला तर नोकरी जाईल, आणि आईला मी सलग तीन महिने खोटा रिपोर्ट दिला. गणपतीच्या सुमाराला तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं. हे लिहिताना माझेच कान गरम होतात.

आणि हे नुसतं माशांपायीही नव्हतं, हेही सांगून टाकते. आई येत नव्हती तोवर तिला बोलावणं सोपं होतं. चिडायचं, रडायचं, लोकांना सांगायचं की किती म्हटलं तरी येत नाही, जुन्या वळणाची आहे. ती येते म्हणाली आणि मग मला दिसायला लागलं की रोज संध्याकाळी लॅबमधून आल्यावर तिचे गुडघे, तिच्या गोळ्या, तिचं एकटेपण माझ्यासमोर बसलेलं असणार. टाकीसमोर स्टूल टाकून तासभर कुणाशी न बोलता बसायचं सुख जाणार. मासे काही मागत नाहीत. मी दोन्हींतलं एक निवडलं आणि निवडलं नाही असं दाखवत राहिले.

नवरा दोनदा म्हणाला, "वरच्या खोलीत एसी लावू, टाकी काहीतरी करून हलवू." दोन्ही वेळा मी त्याच्यावर खेकसले. जावई सासूला आणा म्हणतोय आणि लेक वेळ काढतेय. हे कुणाला सांगितलं असतं तर कुणाचा विश्वासही बसला नसता.

दिवाळीनंतर एक दिवस लॅबमध्ये आईच्या शेजारची मावशी आली. हिच्या नि आमच्या घराची भिंत एक, मी हिच्या ओसरीत वाढले. तिची लेक भोरला दिलेली आहे, तिच्याकडे आठ दिवस राहायला आली होती आणि साखर तपासायला लेकीनं पाठवलं होतं. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली.

"आईचा हात बसला का आता नीट?" तिनं विचारलं.

"कसला हात?"

"आगं बया. तुला ठावं न्हाई? सप्टेंबरात पडली की परड्याच्या पायरीवरनं. मनगट मोडलं. म्हैना-दीड म्हैना पलास्टर हुतं. म्या सवैपाक करून द्यायची. मला म्हनली लेकीला सांगू नगं, धावत यील, तिची नवी नवी घराची घाई." ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तू तरी किती बलवायचं गं? रोज फोन करतीस, सांगती ती. लेक रोज रडती, ये म्हनती, पर म्या काय लेकीच्या दारात जानार न्हाई, आसं सांगती समद्यांना. लई जुनं डोकं. म्या म्हनलं, माज्याकडं बग, म्या जाती का न्हाई लेकीकडं?"

मी चौदा वर्षं रक्त काढतेय. तान्ह्या पोरांचं काढते, म्हाताऱ्यांचं काढते. त्या दिवशी माझी सुई चुकली. मावशीला दुसऱ्यांदा टोचावं लागलं. "आसू दे, आसू दे," ती म्हणाली, "आईचं ऐकून घाबरलीस." मागं सहा माणसं रांगेत होती, म्हणून मी काही बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मी आईला कधीच रोज फोन केला नव्हता. घर झाल्यापासून तर रडलेही नव्हते. लोकांनी विचारलं असणार, काय गं, लेकीनं घर बांधलं, तुला नेणार होती ना? आणि तिनं अकरा वर्षं धरलेला, माझ्यासाठी सोडलेला हट्ट पुन्हा उचलून पुढं केला. गावात कुणालाही तो पटतो. कुणी पुढं काही विचारत नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला मनगटाचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. तो म्हणाला, "मग?" मी म्हणाले, "काढू टाकी." दोन रविवार गेले. पुण्याचे ते गृहस्थ टेम्पो घेऊन आले, कोरल आणि पिवळा मासा घेऊन गेले. दोन जोकर जुन्या तीन फुटी टाकीत जिन्याखाली ठेवले. खोली धुतली, फरशीवर मिठाचे पांढरे डाग होते ते लिंबू लावून घासले, पलंग टाकला, नवी चादर घातली. खरं सांगायचं तर मला लाज वाटायला हवी होती आणि मला भरून येत होतं. बघा, मी आईसाठी काय काय सोडलं, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी मी गाडी घेऊन एकटीच निघाले. नवऱ्याला म्हणाले, मी आणते तिला.

आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. डावं मनगट किंचित वाकडं बसलं होतं. मी ते हातात घेतलं तर तिनं हळूच काढून घेतलं.

"खोली मोकळी केली," मी म्हणाले. "पलंग टाकलाय. चल, न्यायला आलेय."

"मासं कुठं गेलं? मेलं का?"

"नाही. पुण्यात एकांना दिले."

"माज्यासाटनं कशाला गं दिलंस?" ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मग ती बराच वेळ सुपातल्या तांदळावरून बोटं फिरवत राहिली. "आता कसं यिऊ म्या?"

"म्हणजे?"

"समद्या गावाला सांगून बसले. लेक बलवती, पर म्या जात न्हाई, लेकीच्या दारात ऱ्हानार न्हाई. आता बोचकं घिऊन निगाले तर इचारत्याल का न्हाई, आता कशी निगालीस? काय सांगू त्यांना?"

"जे आहे ते सांग."

"म्या न्हाई सांगनार," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली.

म्हणजे सांगायचं तर मीच. ते दोघींनाही कळत होतं. मी सांगितलं असतं तर ती त्याच दुपारी गाडीत बसली असती. कोनाड्यात देवांचा डबा होता, तो काढायला कितीसा वेळ लागणार होता?

दारात गाडी बघून शेजारची मावशी आलीच, पदराला हात पुसत. "न्यायला आलीस व्हय? लई ब्येस केलंस." मग आईकडं वळली आणि तिला फैलावर घेतलं. "बग, बग. लेक गाडी घिऊन दारात उबी हाय. लोकांच्या लेकी वळून बगत न्हाईत आनि हिला लेक बलवती तर ही बसलीया हट्ट धरून. पुन्यांदा पडलीस तर म्या न्हाई करनार सवैपाक, सांगून ठिवते. ऊठ."

आईची बोटं सुपात थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं, पण ती थांबली होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मावशी, ती हट्टी नाही, तिची खोली मी माशांना दिली होती. एवढंच बोलायचं होतं. मावशी दोन दिवस गावभर बोलली असती, मला नावं ठेवली असती, आणि आई आमच्याकडे राहिली असती.

"काय करू मावशी," मी म्हणाले, "ऐकतच नाही."

आईनं मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "म्या म्हनलं न्हवतं तुला?" ती मावशीला म्हणाली. "म्या काय जानार न्हाई." मावशीनं सुस्कारा सोडला, माझ्याजवळ येऊन बसली आणि अशी लेक मिळायला नशीब लागतं असं म्हणत माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो तसाच ठेवू दिला.